‘शाश्वत मासेमारी’ : नियमनाच्या भाषेची चिकित्सा

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव समुद्राचे नव्हे. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि तिच्या अलीकडच्या घाटमाथ्यावर मासळी पिढ्यानुपिढ्या आली ती वाळून आली : सुकट, बोंबील, फार तर वाकटी. गेल्या पंचवीस वर्षांत या गावाभोवती संगणक-व्यवसायाची वसाहत उभी राहिली आणि मासळी आता बर्फात गोठून पाकिटातून येऊ लागली. अशाच एका दुकानात प्रस्तुत लेखकाने अलीकडे पापलेटचे एक पाकीट हाती घेतले. त्यावर इंग्रजीत आणि त्याखाली बारीक मराठीत छापले होते की, हा मासा ‘शाश्वत स्रोतातून’ मिळविला आहे. हे कोणी ठरविले, कोणत्या मापाने ठरविले, आणि ज्याने हा मासा धरला त्याला हे वाक्य वाचता आले असते काय, याचा पाकिटावर पत्ता नव्हता. दुकानाबाहेर बसलेल्या सुक्या मासळीच्या विक्रेत्या बाईंपाशी असले वाक्य नव्हते. त्यांच्यापुढे जवळ्याचे वाटे होते आणि तोंडी हमी होती.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने मत्स्यव्यवसायाच्या प्रश्नात शिरावे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. मासे समुद्रात किती उरले हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या संस्थांचा आहे. परंतु नियमन आणि प्रमाणन ही दोन्ही कामे अखेर शब्दांनीच चालतात. अधिनियम, आदेश, परवाना, दाखला, पाकिटावरची चिठ्ठी, ही सारी वचने आहेत. आणि वचन कोण कोणाला, कोणत्या भाषेत देतो, हा प्रश्न आमच्या शास्त्राच्या कक्षेतला आहे. आमचे प्रतिपादन असे की, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मासेमारीचे नियमन ज्या मराठीत केले जाते, ती मराठी ज्याने नियम पाळावयाचा त्याला उद्देशून लिहिलेली नाही. आणि हा दोष शैलीपुरता नाही, त्याने नियमाचा आशयच सैल होतो.

प्रथम ‘शाश्वत’ हा शब्दच घेऊ. इंग्रजीतील मूळ शब्दात ‘टिकवून धरणे’ असा धातू आणि ‘-ण्याजोगे’ अशा अर्थाचा प्रत्यय आहे. ही कल्पना सागरातून नव्हे तर अरण्यातून आली. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली वनशास्त्रावरील ग्रंथात, जितके झाड वाढेल तितकेच तोडावे, असा विचार मांडला होता. पुढे १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने तो जगभर रूढ केला. अर्थात मूळ शब्द एक शक्यता सांगतो, आणि ती शक्यता अटींवर अवलंबून आहे. मराठीत मात्र प्रत्यय गळून पडला आणि अट त्याच्याबरोबर गेली. ‘शाश्वत’ म्हणजे नित्य, अविनाशी. आपल्या भाषेत हे विशेषण शतकानुशतके ब्रह्माला लागत आले आणि देहाला, धनाला, संसाराला नाकारले गेले. ‘शाश्वत मासेमारी’ या पदयोजनेत ते कशाला लागते? मासळीला नव्हे, मारण्याला. व्याकरणाने पाहिले तर चिरंतन व्हावयाची ती मासेमारी. मासा समासाच्या पूर्वपदात अडकला आहे आणि विशेषण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हा केवळ शब्दच्छल नाही. जो परवानाधारक आपला धंदा चालू राहावा एवढेच मागतो आणि जो समुद्रात बीज राहावे असे म्हणतो, ते दोघेही हाच शब्द आपापल्या बाजूने वापरू शकतात, आणि वापरतातही.

गमतीची गोष्ट अशी की, ज्या संस्कृत अव्ययापासून हा शब्द निघाला त्या ‘शश्वत्’ला ‘पुनःपुन्हा’ असाही अर्थ होता. दरसाल पुन्हा येणारी मासळी या अर्थाला तो जवळचा होता. परंतु व्युत्पत्ती ही बोलणाऱ्याच्या कानात नसते, कोशात असते. तिच्या आधारावर दंड आकारता येत नाही.

आता नियमांकडे वळू. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत; त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येते. या अधिनियमाखाली निघालेल्या आदेशांनी ट्रॉल जाळ्यांना किनाऱ्याच्या काही भागांत ५ वाव आणि काही भागांत १० वाव खोलीच्या आत मनाई केली. येथे वाचकांनी ‘वाव’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दोन्ही हात पसरून होणारे हे माप कोळ्याच्या देहाचे माप आहे. दोर खाली सोडून तो ते मोजत आला. इंग्रजी विधिभाषेतील माप मराठीत येताना येथे जुन्या शब्दाची गाठ पडली आणि नियम होडीवरच्या माणसाला कळेल असा झाला. तसाच दुसरा शब्द ‘आस’, म्हणजे जाळ्याचे छिद्र. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्याची आस किमान २५ मिलिमीटर असावी असे ठरले, पर्ससीन मासेमारीचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखला गेला आणि ४९४ परवाने आधी २६२ वर व अंती १८२ वर आणावयाचे धोरण पुढे आले. ‘आस’ म्हणताच बोलीच्या बाहेरच्या वाचकाला आशा आठवेल आणि गाडीवानाला चाकाचा कणा. पण ज्याच्यासाठी नियम केला त्याला जाळेच आठवते. पारिभाषिक शब्दाची हीच खरी कसोटी होय.

परंतु हे शब्द अपवाद आहेत. मराठी राजभाषा करताना आपण जो मार्ग धरला त्याची ही उणीव आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, कोश निघाले. पदनाम कोशाची तर त्या काळी ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा झाली. ती थट्टा अन्यायाची होती असे आमचे मत आहे, कारण शून्यातून परिभाषा उभी करणे हे मोठे काम होते. तथापि त्या परिभाषेचा उगम इंग्रजी फायलीत होता, आणि तिचा वाचक दुसरा कारकून होता. २०२१ च्या अध्यादेशाने सागरी मासेमारीच्या गुन्ह्यांची सुनावणी तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्ताकडे दिली आणि दंड कितीतरी वाढविले; एल. ई. डी. दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी केल्यास ५ ते २० लाख रुपये. एवढा दंड करणारा जो अधिकारी, त्याला विधिभाषेत ‘अभिनिर्णय अधिकारी’ म्हणतात. जो मनुष्य आपली बोट गमावण्याच्या भीतीने त्याच्यापुढे उभा राहतो, त्याला या पदनामातून निवाडा होणार आहे एवढेही कळू नये, ही स्थिती शोचनीय आहे. ‘निवाडा अधिकारी’ म्हटले असते तर कायद्याचे काय बिघडले असते?

याहून सूक्ष्म दोष वाक्यरचनेत आहे. शासकीय मराठीला ‘-ण्यात येत आहे’ या प्रयोगाचे व्यसन आहे. मनाई करण्यात येते, कारवाई करण्यात येते, परवाना रद्द करण्यात येतो. कर्ता कोठेच नाही. नियमनाच्या बाबतीत हा लोप निरुपद्रवी नसतो. समुद्रात मनाई मोडली जाते तेव्हा, ती अमलात आणणारा कोण, हाच पहिला प्रश्न असतो. गस्तीची नौका कोणी सोडावयाची, बंदरावर आस कोणी मोजावयाची, मोजताना जाळे ताणून मोजावयाचे की सैल, हे वाक्याने सांगितले नाही तर ते कोणीच करीत नाही. आणि मग भांडण दोन मच्छीमारांत लागते. रापणकार आणि पर्ससीनधारक यांचा सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील संघर्ष आपण वृत्तपत्रांतून वाचत आलो आहोत. त्या संघर्षाचे मूळ अर्थातच अर्थकारणात आहे. पण कर्ता हरवलेल्या वाक्यांनी त्याला मोकळे रान दिले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

नामांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. केरळाने २०१५ साली काही जातींसाठी धरावयाच्या माशाची किमान लांबी कायद्याने ठरविली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी तशी मर्यादा घातली. त्याच वर्षी, सातपाटीच्या मच्छीमारांची जुनी मागणी लक्षात घेऊन, पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. आता ही मर्यादा चालते कशी ते पाहा. अधिकाऱ्याने टोपलीतला मासा उचलावयाचा, त्याची जात ओळखावयाची आणि त्या जातीच्या आकड्याशी लांबी ताडावयाची. म्हणजे आधी नाव, मग माप. नाव चुकले तर निर्दोषी दोषी ठरेल आणि दोषी सुटेल.

किनाऱ्यावर माशाचे नाव तीस-चाळीस कोसांवर बदलते. मुंबई-पालघरकडे जो पापलेट, तो मालवणकडे सरंगा. रत्नागिरीची तारली सिंधुदुर्गात पेडवे होते. कोळी बोलीचा निर्देश ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात, १९०५ सालीच, झालेला आहे, आणि डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील ‘कुडाळी’चा खंडही आपल्या ग्रंथालयांत असतो; पण नियम करणाऱ्यांनी हे खंड उघडून पाहावे असे त्यांना कोणी सुचविल्याचे दिसत नाही. आपल्या विद्यापीठांचाही यात दोष आहेच. बोलींच्या अभ्यासात आपण ध्वनी आणि प्रत्यय मोजले, टोपलीतल्या वस्तू मोजल्या नाहीत.

बोलीचे नाव कित्येकदा शास्त्राच्या बाजूचे असते, ही गोष्ट तर आपण विसरूनच गेलो आहोत. इंग्रजी व्यापारभाषा हलव्याला ‘काळा पॉम्फ्रेट’ म्हणते. हलवा हा पापलेटच्या कुळातला नाहीच. तो शास्त्रज्ञ ‘कॅरँजिडी’ म्हणतात त्या निराळ्या कुळातला आहे. मराठीने त्याला कधी पापलेट म्हटले नाही. उलट ‘पापलेट’ हा शब्द स्वतः परका आहे; हॉब्सन-जॉब्सन कोश इंग्रजी ‘पॉम्फ्रेट’चा संबंध द्राक्षवेलीचे पान या अर्थाच्या पोर्तुगीज ‘पांपानो’शी जोडतो. आणि ज्या लॅटिन नामावर विधिज्ञ व निर्यातदार विसंबतात तेही अचल नाही. चंदेरी पापलेटला आपण ‘पाम्पस आर्जेंटिअस’ म्हणत होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उत्तर हिंदी महासागरातला मासा निराळा ठरवून ‘पाम्पस कँडिडस’ हे जुने नाव पुन्हा पुढे आणले. म्हणजे शास्त्राचे नाव बदलले, कायद्याचे बदलावयास वेळ लागणार, आणि सातपाटीला त्याचे काहीच वाटणार नाही. (ज्या गावाचे नाव पाटीवर ‘हिंजवडी’ आणि इंग्रजीतून परत येऊन ‘हिंजेवाडी’ असे दोन प्रकारे दिसते, तेथे राहून हे लिहिताना लेखकास काहीसे हसू येते.)

जवळ्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. अनभिज्ञ माणूस जवळ्याची टोपली पाहून कोळंबीची पिल्ले मारली म्हणून हळहळेल. पण जवळा ही स्वतंत्र जात आहे. तो पूर्ण वाढला तरी एवढाच राहतो. कोळिणीला हा भेद जिभेवर ठाऊक असतो : जवळा निराळा, करंदी निराळी, कोळंबी निराळी. लहानपण आणि लहान जात यांतला भेद हाच किमान लांबीच्या नियमाचा कणा आहे, आणि तो बोलीत तयार पडला आहे. वृत्तपत्री आणि शासकीय मराठी मात्र ‘अल्पवयीन मासे’ असा प्रयोग करते. अल्पवयीन हा शब्द माणसांच्या कायद्यातला. माशाचा जन्मदाखला कोणी पाहिला? दिसते ती लांबी, वय नव्हे. आणि बाजार तर लांबीही पाहत नाही, तो वजनाची प्रतवारी करतो. कायदा मिलिमीटरांत, बाजार ग्रॅमांत आणि बोली नावांत, अशा तीन भाषा एकाच टोपलीवर बोलत असतात.

प्रमाणनाकडे आता यावयास हरकत नाही. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था १९९७ साली युनिलिव्हर ही कंपनी आणि जागतिक वन्यजीव निधी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. माशाचा साठा पुरेसा आहे काय, मासेमारीने इतर जीवांची हानी होते काय आणि व्यवस्थापन सक्षम आहे काय, या तीन कसोट्यांवर ती दाखला देते. भारतात असा पहिला दाखला २०१४ साली केरळातील अष्टमुडी सरोवराच्या शिंपल्यांच्या मासेमारीला मिळाला. तेथे जात एक, जागा एक, धरणारे ओळखीचे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी पाळणारे. दाखला ज्या एककाला द्यावयाचा ते एकक तेथे डोळ्यांना दिसत होते.

त्या एककाला मराठीत नाव नाही. इंग्रजीत जो एक शब्द जात, जागा, जाळे आणि माणसे यांना मिळून वापरला जातो, त्याला आपण कधी ‘मासेमारी’, कधी ‘मत्स्यव्यवसाय’ म्हणतो. पैकी पहिला शब्द क्रिया दाखवितो व दुसरा धंदा. उत्तर किनाऱ्यावरचे डोल जाळे घ्या. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते बांधलेले असते. उधाणाला ते भरते, भांगाच्या दिवसांत रिकामे राहते. त्यात बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, वाकटी एकत्र येतात. यांतल्या कोणत्या एका जातीला दाखला द्यावयाचा? समशीतोष्ण समुद्रात, जेथे एका जाळ्यात मुख्यतः एकच जात येते, तेथे घडलेली ही कल्पना आपल्या पाण्यात अवघडून बसते. कोळ्यांच्या बोलीत या एककाच्या जवळ जाणारा एक शब्द आहे : ‘कव’. डोल बांधण्यासाठी समुद्रात ठोकलेले खांब आणि त्या खांबांवरची वहिवाट, दोन्ही त्यात येतात. जागा, जाळे आणि हक्कदार यांचा त्यात एकवट संकेत आहे.

तथापि येथे आवरते घेणे भाग आहे. बोलीची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. याच कवींवरून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार वर्षानुवर्षे भांडत आले आहेत; पापलेटची पिल्ले डोल जाळ्यातही सापडतात, हे पापलेट धरणारेच सांगतात. ज्या समाजाजवळ शब्द आहे त्याच्याजवळ संयम असतोच असे नाही. आणि नियमाची मराठी सुधारली म्हणून जाळ्याची आस एक मिलिमीटरही वाढणार नाही, हा आक्षेप कोणी घेतल्यास तो आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे त्याहून मर्यादित आहे : न कळलेला नियम मोडला जातो तेव्हा तो अज्ञानाने मोडला की लोभाने, हे ठरविण्याचे साधनच हाती राहत नाही.

निर्यातीचा दाखला तर किनाऱ्याच्या भाषेपासून आणखी दूर गेला आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून बेकायदा मासेमारीविरुद्धचा नियम लागू केला, आणि तेव्हापासून तेथे जाणाऱ्या मासळीबरोबर पकड-प्रमाणपत्र लागते; आपल्याकडे त्याची छाननी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण करते. नौकेचे नाव, जाळ्याचा प्रकार, माशाचे लॅटिन नाव, वजन, सारे त्यात येते. २०१९ साली अमेरिकेने कासव सुटण्याची खिडकी ट्रॉल जाळ्यात नसल्याच्या कारणाने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी नाकारली, तेव्हा एका परकी कलमाचा फटका आपल्या बंदरांना बसला. ते कलम कोणत्या कोळ्याने वाचले होते? प्रमाणपत्र कोळ्याविषयी बोलते; कोळ्याशी बोलत नाही. व्याकरणात ज्याला तृतीय पुरुष म्हणतात, त्या स्थानावर त्याला कायमचे बसविले आहे.

असे नेहमीच होते असे मात्र नाही. पावसाळी मासेमारीबंदीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २०१५ साली पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी ठरविली गेली. त्यापूर्वी महाराष्ट्राच्या आदेशांत बंदीचा काळ १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर, असा असे. आमच्या मते मराठी विधिभाषेतील हे एक उत्कृष्ट वाक्य होते. त्यात दोन पंचांगे एकमेकांशी बोलत होती. अधिक मास येऊन पौर्णिमा लांबली तर इंग्रजी तारीख आवर घाली, आणि पौर्णिमा लवकर आली तर कायदा नारळाच्या मागे उभा राही. समुद्राला नारळ वाहिल्यावाचून होडी लोटू नये, ही समजूत कोणत्याही गस्तीच्या नौकेपेक्षा स्वस्त होती. एकसूत्रीकरणाला कारणे होती हे उघड आहे. एका राज्याने बंदी पाळावयाची आणि शेजारच्या राज्याच्या बोटींनी तिच्याच पाण्यालगत जाळी टाकावयाची, हे चालण्यासारखे नव्हते. पण २०२३ साली अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली, आणि कायद्याप्रमाणे समुद्र १ ऑगस्टलाच खुला झाला. मधल्या महिनाभरात ज्या होड्या वाळूवर राहिल्या त्या केवळ रूढीच्या आज्ञेने राहिल्या, आणि ज्या गेल्या त्या नियमाप्रमाणेच गेल्या.

या अनुभवावरून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. ५४ जातींच्या यादीला जोडून डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरवार नावांचा तक्ता अधिसूचनेचा भाग म्हणूनच प्रसिद्ध व्हावा. त्यात चित्र असावे, बोलीतले नाव प्रथम आणि लॅटिन नाव शेवटी असावे, आणि लांबीच्या शेजारी त्या लांबीच्या माशाचे साधारण वजन असावे. हे काम मत्स्यशास्त्रज्ञाला एकट्याने जमणार नाही आणि आम्हांलाही नाही. एम. ए. च्या बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यासाठी गावे निवडताना या वर्षी घाटाच्या अलीकडची थोडी कमी निवडावीत. सातपाटीच्या बंदरावर पहाटे मासळी उतरते तेव्हा वही घेऊन उभे राहणे अवघड जाते, पाय ओले होतात आणि बोलणाऱ्यांना उत्तर द्यायला सवड नसते. म्हणून बायकांनी मासळी निवडावयास घेतल्यावर जावे, नावे तेव्हा ऐकू येतात.